हत्यारांच्या खणाला अस्तर कोणते घालावे?

गॅरेजमध्ये किंवा एम.आय.डी.सी.तल्या लहान वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या आपल्या बऱ्याच बांधवांना हत्यारे स्वतःच्या पैशाने घ्यावी लागतात. आय.टी.आय. करून बाहेर पडलेला मुलगा आधी पान्यांचा सेट घेतो, मग सॉकेट, पकडी, कानशी, छिन्न्या एकेक करून जमवतो. ही पेटी म्हणजे त्याचे भांडवलच. पण पेटीचा खण ओढला की सगळे एकदम पुढे घसरते आणि एकमेकांवर आदळते. कानशीवर कानस घासून दोन्हींचे दाते बोथट होतात. छिन्नीची धार पान्यावर आपटून जाते. व्हर्निअरच्या जबड्याला टवका गेला तर माप चुकते, माप चुकले की जॉब रिजेक्ट होतो, आणि मग बोलणी कोणाला बसतात हे सांगायला नको.

खणाचा पत्रा गुळगुळीत रंगवलेला, वर हत्यारांना तेलाचा हात लागलेला. घसरणारच. म्हणून तळाशी अस्तर हवे. दुकानदार ते हाताने दाबून दाखवतो, ‘बघा, हलत नाही!’ नवे असताना कोणतेच हलत नाही. अस्तराची खरी परीक्षा तेलाची आणि पाण्याची असते.

तेलाचे आधी पाहू. पुष्कळ जण गाडीची जुनी ट्यूब कापून खणात अंथरतात. फुकटात काम होते हे खरे, पण ट्यूबचे रबर आणि साधे नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते, मऊ पडते, पुढे चिकट होते. इंजिन ऑइल, ग्रीस, डिझेल यांच्याशी रोजचा संबंध असेल तर नायट्राइल रबरच घ्यावे. ते तेल सोसते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला रबराच्या मालाची दुकाने आहेत. तिथे नायट्राइल असे स्पष्ट नाव घेऊन मागावे, कारण काळी शीट दिसायला सगळी सारखीच. खात्री नसेल तर आधी बोटभर तुकडा आणावा, रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवावा आणि सकाळी न बुडवलेल्या तुकड्याशेजारी धरून पाहावा. फुगला किंवा चिकटला तर ती शीट घेऊ नये.

आता पाणी. पोलाद गंजायला पावसात भिजावे लागत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की गंज वेग धरतो, आणि मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० च्याही वर असते. अशा दिवसांत गोणपाट, जुनी चादर किंवा वर्तमानपत्राची घडी खणात ठेवणे म्हणजे हत्याराखाली ओला फडका ठेवण्यासारखे आहे. खुर्चीच्या गादीतला स्पंज तर त्याहून वाईट. तो पाणी धरतो आणि काही वर्षांत दमट हवेने त्याचा भुगा होऊन हत्यारांना चिकटतो.

स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर घालतात ती जाळीची मऊ चटई स्वस्त मिळते, साबणाने धुता येते. पाने-पकडींच्या खणाला ती चालेल. मात्र बारीक स्क्रू आणि लोखंडाचा कीस तिच्या भोकांत अडकतो, आणि जड हत्यार ओढले की ती गोळा होते. पत्र्याची पेटी उन्हात राहत असेल तर ही चटई रंगाला चिकटूही शकते.

हलक्या चपलांचे तळ ज्या ई.व्ही.ए. फोमचे असतात, त्याच्या शीटही मिळतात. त्याची छिद्रे बंद असल्याने तो पाणी शोषत नाही आणि ब्लेडने सहज कापला जातो. दोन रंगांचे थर घेऊन वरच्या थरात प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खळगा कापला, तर एखादे हत्यार जागेवर नसल्यास खालचा रंग लगेच दिसतो. विमानांच्या दुरुस्तीत ही पद्धत मुद्दाम वापरतात, कारण इंजिनात विसरलेला एक पाना जिवावर बेतू शकतो. आपल्या गॅरेजातही संध्याकाळी हत्यारे मोजण्याचा त्रास त्याने वाचेल. पेट्रोल आणि थिनरपासून मात्र हा फोम जपावा लागतो.

मापाच्या हत्यारांची गोष्ट निराळी. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात १९०६ पासून लाकडी हत्यारपेट्या बनवणारी गर्स्टनर नावाची कंपनी आहे. तिच्या पेट्यांच्या खणांना हिरवी फेल्ट लावलेली असते. मायक्रोमीटरला असा मऊ बिछाना चांगलाच, पण फेल्ट ओल धरते. आपल्याकडे पावसाळ्यात तिचा भरवसा धरू नये. मायक्रोमीटर, व्हर्निअर हलके तेल पुसून त्यांच्या डबीतच ठेवावेत आणि डबी नायट्राइलवर ठेवावी.

जाडी दोन ते तीन मिलिमीटर पुरते. जास्त जाड घेतले तर उथळ खणात सॉकेट वर घासतात आणि खण मिटत नाही. कापण्याआधी वर्तमानपत्राचा नमुना खणात बसवून पाहावा. (वर्तमानपत्राचा खरा उपयोग इथे आहे.) घरात कोणाला शिवणकाम येत असेल तर बेतायचे काम त्यांच्याकडेच द्यावे, त्यांचा हात चुकत नाही. नमुना चारी बाजूंनी मिलिमीटरभर आत ठेवावा. गुंडाळून आणलेली शीट उलटी गुंडाळून रात्रभर ठेवली की सपाट होते. खण रॉकेलच्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवावा. अस्तर डिंकाने चिकटवू नये. ते काढता आले पाहिजे, कारण खाली उतरलेले तेल-पाणी महिन्यातून एकदा तरी पुसावे लागते.

एका खोलीच्या घरात पेटी खाटेखाली असते आणि अस्तर मोरीत भांड्यांशेजारी धुतले जाते. हे टाळावे. वापरलेले इंजिन ऑइल कातडीला घातक असते. अस्तर आधी रद्दी कागदाने कोरडे पुसून घ्यावे, मग बाहेर वेगळ्या बादलीत साबणाने धुवावे आणि सावलीत वाळवावे. त्यासाठीचा ब्रश आणि फडका पेटीतच ठेवावा, म्हणजे तो चुकून लहान मुलांच्या कपड्यांत जाणार नाही.