मुदतीच्या तापातून उठलेल्या माणसाला काय खाऊ घालाल?

ताप उतरला की घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो. औषध लागू पडले, माणूस वाचले, आता काळजी नाही, असे म्हणून जो तो आपापल्या कामाला लागतो. खुरपणीचे दिवस असले तर विचारायलाच नको. आणि हे दुखणे पुष्कळदा येते तेही पावसाळ्यातच, विहिरी-ओढ्यांत वरचे पाणी शिरले म्हणजे. अंथरुणावरचे माणूस मग भिंतीकडे तोंड करून पडून राहते. कुणी त्याच्यापुढे चहा-बिस्किट ठेवते, कुणी साबुदाण्याची पेज. दोन आठवड्यांनी पाहावे तर हाडांचा सापळा उरलेला असतो, केस गळू लागलेले असतात आणि चार पावले चालले तरी धाप लागते.

हा अशक्तपणा तापाने आला हे खरे. पण त्यातला पुष्कळसा आपण उपाशी ठेवल्याने आलेला असतो. म्हणून विषमज्वर, म्हणजे टायफॉईड, घरात येऊन गेला असेल तर पुढचा महिना-दीड महिना चुलीपाशी काय करायचे ते नीट समजून घ्या.

ताप चढला की शरीराला जास्त जळण लागते. ताप एका सेल्सिअस अंशाने वाढला तर अन्नाची गरज सुमारे १३ टक्क्यांनी वाढते, असा डॉक्टरांचा हिशेब आहे. म्हणजे थर्मामीटर १०४ दाखवीत असताना माणूस नुसते निजून असले तरी त्याला निजलेल्या निरोगी माणसापेक्षा जवळजवळ ४० टक्के जास्त जळण लागते. आणि नेमकी त्याच वेळी तोंडाची चव गेलेली असते. बाहेरून सरपण मिळाले नाही, की शरीर घरचे वासे काढून जाळू लागते. आधी चरबी जाते, आणि तिच्याबरोबर दंडा-मांड्यांचे मांसही. दुष्काळात नुसत्या कडब्यावर राहिलेल्या बैलासारखी गत होते. असा बैल पहिल्या पावसाला आपण औताला जुंपत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र तेवढा विचार होत नाही.

उपाशी ठेवण्याची जुनी रीत

‘तापात लंघन’ ही आपल्याकडची जुनी शिकवण. या दुखण्यात तिला एक कारणही होते. विषमज्वराचे जंतू पाण्यातून किंवा अन्नातून पोटात जातात आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या गाठींत ठाण मांडतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तिथे व्रण पडू शकतात. क्वचित त्यातून रक्त जाते, क्वचित आतड्याला भोकही पडते. जुन्या वैद्य-डॉक्टरांना याचीच धास्ती असे. घट्ट अन्न गेले तर आतडे फाटेल, म्हणून तीन-तीन आठवडे रोग्याला पाण्यावर आणि पातळ दुधावर ठेवीत. १९४८ सालापर्यंत या तापावर गुणकारी औषधच नव्हते. ताप आपली मुदत पुरी करूनच जायचा, आणि म्हणून त्याचे नाव मुदतीचा ताप.

पण उपाशी ठेवणे चूक आहे हे त्या काळातही काहींनी ओळखले होते. आयर्लंडमधल्या डब्लिन शहरी रॉबर्ट ग्रेव्हज नावाचे मोठे डॉक्टर दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेले. तापाच्या रोग्यांना खाऊ घालण्याचा त्यांनी आग्रह धरला, आणि आपल्या थडग्यावर काही लिहायचेच तर आपण तापकऱ्यांना जेवू घातले एवढेच लिहा, असे ते म्हणत असल्याची आख्यायिका आहे. पुढे १९०९ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये वॉरन कोलमन यांनी विषमज्वराच्या रोग्यांना मोजून-मापून भरपूर मऊ अन्न दिले. दूध, साय, अंडी, साखर असा तो आहार होता. रोगी खंगले नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले. त्यानंतर उपासाची पद्धत मागे पडत गेली. आपल्या गावांतून ती अजून गेलेली नाही.

‘पोळी खाल्ली म्हणून ताप उलटला’ हेही तुम्ही ऐकले असेल. ताप उलटतो हे खरे आहे. बरे वाटल्यावर दोन-तीन आठवड्यांनी काही जणांना तो पुन्हा येतो. पण तो पोळीने येत नाही, अंगात जंतू शिल्लक राहिल्याने येतो. बरे वाटले म्हणून मधेच गोळ्या बंद करणे हे त्याचे एक कारण. डॉक्टरांनी जितक्या दिवसांचे औषध लिहिले आहे तितके पुरे करा. उरलेल्या गोळ्या पुढच्या खेपेला लागतील म्हणून फळीवर ठेवू नका.

सुरुवात कशी करावी

पहिले सूत्र असे, की थोडे थोडे आणि वारंवार द्यावे. दोन वेळच्या ताटाऐवजी दिवसातून सहा-सात वेळा वाटी-दीड वाटी. ताप असताना पातळ, तो उतरला की मऊ, आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू घरच्या जेवणाकडे.

तापाच्या दिवसांत भाताची पेज मीठ आणि चमचाभर तूप घालून द्या. मुगाचे कढण द्या. मूग मऊ शिजवून घोटलेले असावेत, वरचे पाणी काढून घेऊन डाळ दुसऱ्यांच्या ताटात जाऊ देऊ नका. ताक, लिंबाचे सरबत, शहाळे मिळाले तर शहाळे. जुलाब होत असतील तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजीत राहावे. दूध बहुतेकांना चालते. पोट फुगत असेल किंवा शौचाला पातळ होत असेल तर काही दिवस दुधाऐवजी ताजे दही-ताक द्या. दुखण्यानंतर थोडे दिवस दुधातली साखर पचेनाशी होते, दह्यातली बरीचशी आधीच मुरलेली असते.

ताप गेला की मुगाच्या डाळीची आटवल, म्हणजे आसट मऊ खिचडी, सुरू करावी. फोडणीला जिरे आणि चिमूटभर हिंग पुरे, मिरचीची गरज नाही. मेतकूट-भात आहेच. तांदूळ, हरभऱ्याची आणि उडदाची डाळ भाजून दळलेले मेतकूट म्हणजे आजारी माणसासाठी आपल्या आज्यांनी करून ठेवलेली मोठी सोय आहे. रव्याची खीर, दुधात कुस्करलेली पोळी, उकडून कुस्करलेला बटाटा, शिजवलेला भोपळा आणि दुधी, पिकलेले केळे, पपई, चिकू. भाकरी हवीच असेल तर ताजी, पापुद्रा काढून, दुधात किंवा वरणात भिजवून द्यावी.

साबुदाण्याबद्दल मात्र आमचे स्पष्ट मत सांगतो. तो पोटाला हलका असतो, भूक भागल्यासारखे वाटते. पण त्यात पिठूळपणापलीकडे काही नाही. झिजलेले मांस भरून काढणारा कस, ज्याला प्रथिने म्हणतात, तो त्यात नसल्यात जमा आहे. दुधात शिजवून दिलात तर दुधाचा गुण मिळेल, तेवढेच. ग्लुकोजच्या डब्याचेही तसेच, ती नुसती साखर. कोंबडीच्या रश्शाने तरतरी येते, तोंडाला चव येते, पण वरचे पाणी पाजून मांस बाकीच्यांनी खाल्ले तर रोग्याच्या वाट्याला मीठ-पाणीच आले म्हणायचे. खाणारे घर असेल तर मांस मऊ शिजवून, तंतू सोडवून त्यालाच द्या. अंडे ‘उष्ण’ म्हणून या दुखण्यात टाळतात. त्याला काही आधार नाही. बलक घट्ट होईपर्यंत उकडलेले अंडे यासाठी फार चांगले.

किती द्यावे, याचा एक ढोबळ हिशेब ठेवा. पन्नास किलो वजनाच्या माणसाला बरे होताना दिवसाला ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने हवीत. अर्धा लिटर दुधातून सुमारे १६ ग्रॅम मिळतात, दोन अंड्यांतून १२, शंभर ग्रॅम मुगाच्या डाळीतून २४, आणि दिवसभराच्या भात-पोळीतून १५-२०. झाला हिशेब पुरा. अंडी चालत नसतील तर डाळ आणि दही वाढवा, आणि दुसऱ्या आठवड्यापासून भाजलेल्या शेंगदाण्याचे बारीक कूट भाजीत किंवा खिरीत घाला. रंगीत डब्यातल्या महाग पावडरींची त्यात कुठेच गरज पडत नाही.

मोडाच्या नाचणीचे पीठ

ही एक गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. आजारी माणसाचे पोट चार घासांत भरते. साधी पेज दाट केली तर गिळवत नाही, पातळ केली तर वाटीभर पाणीच पोटात जाते. यावर मोडाची नाचणी हा नामी उपाय आहे. नाचणी स्वच्छ धुऊन रात्रभर भिजवा, पाणी निथळून ओल्या फडक्यात बांधून ठेवा. एक-दोन दिवसांत मोड येतील. मग सुकवा, हातावर चोळून मोड झाडून टाका, मंद आचेवर हलकेच परता आणि दळून आणा. मोड येताना धान्यात एक पाचक द्रव्य तयार होते; ते पिठातला चिकटपणा तोडते. त्यामुळे जास्त पीठ घालूनही खीर पातळ, गिळायला सोपी राहते. मात्र नाचणी खरपूस भाजलीत तर ते द्रव्य जळून जाईल. पीठ गार पाण्यात कालवून मंद विस्तवावर ढवळत शिजवावे. उतरवल्यावर दूध, गूळ आणि तूप. दिवसातून दोनदा ही खीर गेली तर आठवड्याभरात चेहऱ्यावर फरक दिसतो. फडक्यातून गाळून काढलेले सत्त्व याहूनही हलके, पण कोंड्याबरोबर थोडा कस निघून जातो. तेव्हा पहिले तीन-चार दिवस सत्त्व, मग सबंध पीठ.

टाळायचे ते थोडक्यात. ठेचा, तळण, मटकी-पावट्याच्या आख्ख्या उसळी, कच्चा कांदा-काकडी, रसवंतीचा बर्फ घातलेला रस आणि यात्रेतले उघडे खाणे महिनाभर नको. शौचाला झाले नाही म्हणून एरंडेल किंवा जुलाबाची गोळी तर मुळीच देऊ नका. आतड्यातले व्रण भरत असताना जुलाब देणे घातक आहे. पपई, भिजवलेल्या मनुका, कोमट पाणी यांनी काम होते. आणि पोटात एकाएकी कळ उठली, पोट लाकडासारखे घट्ट झाले, शौचाला काळे किंवा रक्ताचे झाले, किंवा ताप झपकन उतरून गार घाम सुटला, तर तोंडाने काहीही न देता तडक रुग्णालय गाठा. तिथे सकाळची वाट पाहू नका.

ताप गेल्यावर आठ-दहा दिवसांत भूक उसळते. हावऱ्यासारखे खाण्याचे हे दिवस चांगले आहेत, फक्त एकाच बैठकीला पोट तडीस लावू देऊ नका.

घरची बाई आजारी पडली तर

नवरा किंवा मुलगा आजारी पडला की घरात दुधाचा पेला राखून ठेवला जातो. सून आजारी पडली तर? ताप उतरल्याच्या तिसऱ्या दिवशी ती चुलीपुढे बसते, सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाते. तिच्यासाठी वेगळी आटवल टाकणार कोण? सासूबाईंनो, ही गोष्ट तुमच्या हातातली आहे. आणि मामंजींना व घरधन्यालाही भाताचे आधण ठेवता येत नाही असे नाही.

तिला चुलीपासून दूर ठेवण्याचे आणखी एक कारण आहे, ते साऱ्या घराच्या फायद्याचे. बरे झाल्यावरही काही आठवडे रोग्याच्या शौचातून जंतू पडत राहतात, आणि शंभरात एक ते पाच जणांच्या पित्ताशयात ते वर्षानुवर्षे घर करून राहतात. न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची एक स्वयंपाकीण होती. ती स्वतः ठणठणीत. पण ज्या ज्या घरी रांधी त्या घरांत विषमज्वर निघे. १९०७ साली तिचा शोध लागला. तिला वेगळे ठेवले, १९१० मध्ये सोडले. पुन्हा स्वयंपाकाच्या कामावर सापडली म्हणून १९१५ पासून १९३८ साली मरेपर्यंत तिला एकटीला बेटावर राहावे लागले. आपल्या सुनेला बेटावर पाठवायचे नाही; पण डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्वयंपाक आणि पाणी भरणे दुसऱ्याने करावे. शौचाहून आल्यावर आणि जेवायच्या आधी सगळ्यांनीच साबणाने हात धुवावेत, आणि पाणी खळखळ उकळून झाकून ठेवावे, नाहीतर एका अंथरुणाची चार व्हायला वेळ लागत नाही. एकदा येऊन गेला म्हणून हा ताप पुन्हा येत नाही असे समजू नका. आता सहा महिन्यांपुढील मुलांना टोचता येईल अशी एका टोचणीची लस निघाली आहे. २०१८ साली नवी मुंबईत महापालिकेने ती मुलांना टोचली होती. तुमच्याकडे मिळेल का, ते आरोग्य केंद्रात विचारा.

कामावर केव्हा जावे, हा सगळ्यांचाच प्रश्न. त्याला एक सोपे माप आहे. ताप उतरला त्या आठवड्यात गिरणीतल्या किंवा दुकानातल्या काट्यावर वजन करा आणि भिंतीवर लिहून ठेवा. दर आठ दिवसांनी पुन्हा करा. अर्धा-पाऊण किलो वाढत गेले तर आहार लागू पडतो आहे. वाढतच नसेल किंवा बारीक ताप येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. वजन वाढू लागले की आधी गोठ्यातले हलके काम, मग शेतावर चक्कर, आणि वजन दुखण्याआधी होते तितके झाले, जिना चढताना धाप लागेनाशी झाली, की औताला हात लावायला हरकत नाही.