पगार, पागार आणि मुका ‘यू’

‘पगार’ या शब्दाचा घोष आम्ही कारखान्यांच्या फाटकांवर वर्षानुवर्षे केला. पण तो आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला, हे आम्हांस बऱ्याच उशिरा कळले. त्यांचे ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणे. शेजारच्या स्पॅनिशमध्येही हेच क्रियापद आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचे कामकाज इंग्रजी, फ्रेंच व स्पॅनिश या तीन भाषांत चालते. त्यांपैकी तिसरी आपल्याला वाचता यावी म्हणून आम्ही पुस्तक उघडले, तो हा जुना ओळखीचा गृहस्थ दारातच भेटला आणि त्यानेच आम्हांस प्रथम अडविले.

‘ते पगार देतात’ ही बातमी झाली; ‘त्यांनी पगार द्यावा’ ही मागणी झाली. मराठीत हे काम ‘-आवा’ करतो. स्पॅनिशमध्ये ते एका स्वराच्या अदलाबदलीवर भागते. ‘आर’ने संपणाऱ्या क्रियापदात ‘आ’ जाऊन ‘ए’ येतो. ‘एर’ किंवा ‘ईर’ने संपणाऱ्यांत ‘आ’ येतो. ‘पागान’ म्हणजे ते देतात. ‘एक्सिहिमोस के पागेन’ म्हणजे त्यांनी पैसे द्यावेत अशी आमची मागणी आहे. इच्छा, शंका, विनंती यांच्यामागूनही हेच रूप येते.

बोलताना एवढेच पुरते. लिहिताना मात्र घोटाळा होतो. रोमन लिपीतला ‘जी’ स्पॅनिशमध्ये आ, ओ, ऊ यांपूर्वी ‘ग’ असतो. ए आणि ई यांपूर्वी तोच घशातला खरखरीत ‘ह’ होतो. म्हणजे स्वर बदलला की ‘ग’ हातचा जायचा! तो राखण्यासाठी ‘जी’ आणि ‘ई’ या अक्षरांमध्ये एक ‘यू’ उभा करतात. हा ‘यू’ स्वतः बोलत नाही, नुसता पहारा करतो. परदेशातील एका संघटनेला पाठिंब्याचे पत्र लिहिताना आम्ही हा पहारेकरी गाळला. वाचणाऱ्याच्या तोंडी ‘पाहेन’ आले असणार. त्याने त्यातून काय अर्थ काढला असेल, कोण जाणे!

‘सी’चीही तीच तऱ्हा. ‘बुस्कार’ म्हणजे शोधणे; तेथे ‘सी’ हा ‘क’ आहे, पण ‘ए’पूर्वी त्याचा ‘स’ होईल (स्पेनच्या बऱ्याच भागात इंग्रजी ‘थिंक’मधल्या ‘थ’सारखा). म्हणून ‘बुस्के’ लिहिताना ‘सी’ काढून ‘क्यू’ आणि ‘यू’ ही जोडी बसवितात. ‘ऑर्गानिसार’, म्हणजे संघटित करणे, यात ‘झेड’ जाऊन ‘सी’ येतो, कारण ‘ए’पूर्वी ‘झेड’ लिहिण्याचा रिवाज नाही. उलट ‘एक्सिहीर’, म्हणजे मागणी करणे, यात ‘ह’ राखायचा असतो. तेव्हा ‘आ’पूर्वी ‘जी’ची जागा ‘जे’ घेतो आणि ‘एक्सिहा’ होते.

आमच्या पुस्तकात या क्रियापदांचे वेगळे तक्ते होते. एक अख्खा पावसाळा आम्ही ते घोकले. मग एकदा लोकलमध्ये बसून समासात सहज देवनागरीत उतरवले: पागार-पागे, बुस्कार-बुस्के, ऑर्गानिसार-ऑर्गानिसे, एक्सिहीर-एक्सिहा. बदल कोठे आहे? मूळ व्यंजन तसूभर हललेले नाही! आपल्या बाराखडीत ग, गि, गे लिहिताना ‘ग’ आपला धर्म सोडत नाही. अनियमितपणा क्रियापदात नाही. तो रोमन लिपीत आहे. तेव्हा रूप आधी तोंडाने म्हणावे, मग तोच ध्वनी टिकवायला कोणते अक्षर लागेल ते पाहावे. आमचे निम्मे पाठांतर येथेच संपले.

पण सगळे संपले नाही. ‘तेहेर’ म्हणजे विणणे. त्यातला ‘ह’ मुळातच ‘जे’ने लिहितात, म्हणून ‘तेहा’ लिहिताना काही बदलावे लागत नाही. ‘जी’ की ‘जे’ हे कानाला कळत नाही; मूळ रूपाचे लेखन पाठच करावे लागते. व्हेनेझुएलात जन्मलेल्या आंद्रेस बेल्यो या पंडितांनी 1823 मध्येच सुचविले होते की ‘ह’ला सर्वत्र ‘जे’ लिहा. चिली देशाने तशी काही सुधारणा 1844 मध्ये स्वीकारली आणि 1927 पर्यंत चालविली. तेथे त्या काळात ‘एक्सिहीर’ला बदल लागतच नव्हता. पुढे चिलीनेही माद्रिदच्या अकादमीचे लेखन पत्करले, आणि आमच्यासारख्यांचे काम वाढले.

आणखी एक शब्द सांगावासा वाटतो. ‘आबेरिग्वार’ म्हणजे तपास करून सत्य काढणे. येथे ‘जी’पुढचा ‘यू’ मुका नाही, त्याचा उच्चार होतो. ‘ए’ आल्यावर तो गप्प बसू नये म्हणून त्याच्या डोक्यावर दोन टिंबे देतात, आणि रूप होते ‘आबेरिग्वे’.