कार्यालयीन सहल : बावन्न दरवाजांच्या शहरी

वर्षभर एकाच छताखाली, एकाच टेबलाभोवती काम करणारी माणसे दोन दिवस एकत्र प्रवासाला निघतात, तेव्हा साहेब व शिपाई यांच्यातील अंतर काहीसे कमी होते. राज्य शासनाच्या कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाल्याने अशा सहलींसाठी शनिवार-रविवार मोकळा मिळतो. प्रासंगिक करारावर एस.टी. ठरते, वर्गणी जमते आणि बहुधा छत्रपती संभाजीनगरचे नाव पुढे येते. मात्र दोन दिवसांत अजिंठा, वेरूळ, देवगिरी, मकबरा आणि खरेदी असा भरगच्च बेत आखला, तर निम्मा वेळ गाडीतच जातो. अजिंठा शहरापासून सुमारे १०० किलोमीटर आहे. ते वेगळ्या सहलीसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे. ज्या कारखान्यांची साप्ताहिक सुटी आठवड्याच्या मध्ये असते, त्यांनी वेरूळची लेणी मंगळवारी व अजिंठ्याची सोमवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवावे.

देवगिरीचा किल्ला सकाळी, उन्हे तापण्यापूर्वी चढावा. यादवांची ही राजधानी. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीहून आपली राजधानी येथे हलविली आणि नाव दौलताबाद ठेवले. ताशीव कडा, खंदक आणि अंधारी हा वळणावळणाचा काळोखा मार्ग पाहिला, म्हणजे किल्ला दुर्गम कसा झाला हे कळते. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी माथ्यापर्यंत जाण्याचा आग्रह धरू नये. पायथ्याचा चांदमिनारही निवांत पाहण्याजोगा आहे. बीबी का मकबरा औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू हिचे स्मारक. ताजमहालाशी तुलना करून त्याला नावे ठेवण्याची प्रथाच पडली आहे, ती अन्यायाची होय.

परंतु या शहराचे खरे वैभव जमिनीखाली आहे, आणि नेमके तेच सहलीत राहून जाते. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी येथे हे नगर वसविले. जवळची खाम नदी लहान. वाढत्या वस्तीला ती पुरणारी नव्हती. तेव्हा उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी भूमिगत मार्गात गोळा करून, केवळ जमिनीच्या उताराच्या बळावर ते शहरात आणण्यात आले. हीच नहर-ए-अंबरी. तिला ना मोट लागे, ना इंधन. मार्गावर ठिकठिकाणी उतरण्यासाठी तोंडे ठेवलेली असल्याने गाळ काढणे व डागडुजी करणे शक्य होई. पुढे अशा आणखी नहरी निघाल्या.

पाणचक्कीत हे तंत्र डोळ्यांना दिसते. दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी आलेले पाणी उंच भिंतीत चढते, तेथून हौदात कोसळते आणि त्याच्या जोरावर जाते फिरते. येथे दळलेल्या पिठातून यात्रेकरू व फकिरांची भूक भागे. हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत असल्याने भर उन्हाळ्यातही तेथे गारवा असतो.

आज शहराला पैठणच्या नाथसागरातून पंपांनी पाणी चढवून आणावे लागते. त्यासाठी वीज अखंड लागते, नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते. इकडे नहरींच्या मार्गांवर घरे उभी राहिली, खोदकामात नळ फुटले, काही तोंडे मातीने बुजली. जुन्या नहरी आजच्या एवढ्या मोठ्या लोकवस्तीची तहान भागवतील, असे कोणी म्हणणार नाही. तरी ज्या भागांत त्या अजून वाहत्या आहेत, तेथे त्या वाहत्या राहणे नगरवासीयांच्या उपयोगाचे आहे. पाटबंधारे, बांधकाम किंवा नगरपालिका यांच्या कार्यालयांतून येणाऱ्या मंडळींनी तर पाणचक्कीत दहा मिनिटांत छायाचित्र काढून न निघता किमान तासभर थांबावे. वडाखाली शिदोरी सोडायला तेथे जागाही आहे. फक्त उष्ट्या पत्रावळी हौदाच्या काठी राहू नयेत.