‘मुक्ता’ ते माता रमाई : सोनाली कुलकर्णी यांचा अभिनयप्रवास

‘नटरंग’मधल्या सोनाली कुलकर्णी वेगळ्या. इथे ज्यांच्याविषयी सांगायचे आहे त्या पुण्यात वाढलेल्या, सत्यदेव दुबे यांच्या नाट्यशिबिरात घडलेल्या आणि गिरीश कार्नाड यांच्या ‘चेलुवी’ (१९९२) चित्रपटातून पुढे आलेल्या अभिनेत्री. ‘चैत्र’ या लघुपटासाठी राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा गौरव झाला; एका इटालियन चित्रपटासाठी २००६ साली मिलान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

आंबेडकरी तरुणांनी त्यांच्या तीन भूमिका आवर्जून पाहाव्यात.

पहिली, जब्बार पटेल यांचा ‘मुक्ता’ (१९९४). अमेरिकेत वाढलेली, राजकारणी मराठा घराण्यातली मुक्ता दलित कवी-कार्यकर्ता मिलिंद वाघ याच्याकडे ओढली जाते. अमेरिकेतला तिचा कृष्णवर्णीय मित्र घरी येतो, तेव्हा जात आणि वर्ण यांचे नाते उघडे पडते.

दुसरी, सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘दोघी’ (१९९५). लग्नाच्या दिवशीच नवरदेव अपघातात मरतो आणि गाव गौरीला अपशकुनी ठरवते. पुढे तिला मुंबईत देहविक्रयात ढकलले जाते. सोनाली यांनी साकारलेली धाकटी बहीण कृष्णा मात्र तिला टाकत नाही. अंधश्रद्धा बाईचे आयुष्य कसे गिळते, हे कुठल्याही भाषणापेक्षा इथे नीट कळते.

तिसरी, पटेल यांच्याच ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ (२०००) चित्रपटातील माता रमाई. बाबासाहेबांच्या भूमिकेसाठी मामुट्टी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याची चर्चा खूप झाली. रमाईच्या भूमिकेची फारशी नाही. चार लेकरे गमावलेली, गरिबीत संसार ओढणारी ही माउली २७ मे १९३५ रोजी गेली. बाबासाहेबांनी ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ तिच्या स्मृतीला अर्पण केला. आपण मात्र तिला बहुतेक वेळा फोटोच्या चौकटीतच पाहतो. पडद्यावर ती चालते, बोलते, दमते. त्यागाच्या मूर्तीमागचा माणूस दिसतो.

पण केवळ पाहून थांबू नये. आंबेडकरी जलशांत स्त्रीपात्रेही पुरुषच करीत. आज ती अडचण नाही. मुळशीसारख्या तालुक्यातल्या विहारांनी ७ फेब्रुवारीच्या रमाई जयंतीला हे चित्रपट दाखवावेत, त्यावर चर्चा घडवावी आणि वस्तीतल्या मुलींसाठी नाट्यशिबिर सुरू करावे. आपली रमाई उद्या आपल्याच लेकीने रंगमंचावर उभी करायला हवी.