गुलालबारातले तारुण्य
ऐन उमेदीची वर्षे : भाग ७

मागच्या भागात हेन्री स्टुअर्टची हकिगत वाचलीत. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सचा हा धाकटा मुलगा. जानेवारी १६४९ मध्ये त्याच्या वडिलांचा शिरच्छेद झाला, तेव्हा तो आठ वर्षांचा होता. पुढे नजरकैद, कॅरिसब्रुकच्या किल्ल्यात बहिणीचा मृत्यू, १६५३ मध्ये सुटका आणि पॅरिसला गेल्यावर धर्म बदलण्यासाठी सख्ख्या आईने लावलेला तगादा. हेन्री बधला नाही. वयाच्या विसाव्या वर्षी देवी येऊन तो गेला.

चार्ल्सच्या वधानंतर चाळीस वर्षांनी दैवाचा असाच फेरा रायगडावर आला. मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाने छत्रपती संभाजी महाराजांना हालहाल करून मारले. नोव्हेंबरात रायगड पडला. त्यांच्या राणी येसूबाई आणि सात वर्षांचे पुत्र शाहू मोगलांच्या हाती लागले. आजचा भाग या शाहूंचा. कोल्हापूरचे राजर्षी शाहू वेगळे, ते दोन शतकांनंतरचे. हे शिवछत्रपतींचे नातू, सातारच्या गादीचे धनी.

औरंगजेबाने या मुलाला अंधारकोठडीत टाकले नाही. राजा हा किताब आणि सात हजारांची मनसब दिली. मात्र राहायचे ते बादशाही छावणीत. खुद्द बादशहाच्या डेऱ्यांभोवती लाल कनातींचे कुंपण असे, त्याला गुलालबार म्हणत. त्याच्या आत बादशहाच्या नजरेखाली शाहू वाढले. बादशहाची मुलगी झीनतुन्निसा बेगम त्यांच्यावर माया करी. मान होता, नोकरचाकर होते, पण पायांना मोकळीक नव्हती. ज्या वयात सरदारांची मुले मोहिमेवर घोडी पिटाळीत, त्या वयात शिवाजी महाराजांचा नातू कनातीआड बसून होता.

बाहेर त्यांच्याच मुलखाची राखरांगोळी चालली होती. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाने साताऱ्याला वेढा घातला. त्याचा तळ गडाच्या उत्तरेला, करंजे गावी होता. आज करंजे साताऱ्याच्या वस्तीत मिसळून गेले आहे. प्रयागजी प्रभूंनी चार महिने गड झुंजवला. मोगलांनी पेरलेला एक सुरुंग उलटला आणि त्यांचीच सुमारे दोन हजार माणसे गाडली गेली. वेढा चालू असतानाच, मार्च १७०० मध्ये, सिंहगडावर शाहूंचे काका राजाराम महाराज वारले. एप्रिलमध्ये गड पडला आणि त्याचे नाव आझमतारा झाले. मिरजेचे नाव मोगलांच्या कागदांत मुर्तजाबाद असे येते. पुढे ज्या मुलखावर शाहूंनी राज्य केले, तिथल्या गावांची आणि गडांची नावेही तेव्हा शत्रूने ठरवलेली होती.

१७०३ मध्ये हेन्रीसारखाच प्रसंग शाहूंवर आला. बादशहाने धर्म बदलण्याचा आग्रह धरला. त्या वेळी खंडेराव आणि जगजीवन हे दोघे भाऊ पुढे झाले. खटाव तालुक्यातल्या भोसऱ्याच्या प्रतापराव गुजरांचे हे मुलगे. शाहूंऐवजी त्यांनी आपला धर्म बदलला आणि शाहूंवरचे संकट टळले. प्रतापरावांनी नेसरीला प्राण दिला, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्यांच्या मुलांनी जे दिले ते त्याहून कमी नव्हते. जन्मभर आपल्याच माणसांत परके होऊन राहण्याचा तो त्याग होता.

१७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ मरण पावला. उत्तरेकडे निघालेल्या आझमशहाने मे महिन्यात शाहूंना नर्मदेपलीकडे मोकळे केले. तेव्हा ते पंचविशीत होते. येसूबाईंना मात्र ओलीस ठेवून घेतले गेले. राजाराम महाराजांच्या राणी ताराबाईंनी शाहूंचा हक्क मानला नाही. खेडला लढाई झाली, धनाजी जाधव शाहूंना येऊन मिळाले आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात राज्याभिषेक झाला.

शाहूंना मवाळ म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. कैदेत वाढल्यामुळे त्यांच्यातली धमक गेली, असे सांगितले जाते. मला हे पटत नाही. १७३० मध्ये ताराबाई त्यांच्या हाती लागल्या. ज्यांनी गादी नाकारली, फौज धाडली, त्या काकूंना शाहूंनी पन्हाळ्याला परत जाण्याची मुभा दिली. ताराबाईंनी साताऱ्यातच राहायचे ठरवले आणि त्या तिथे मानाने राहिल्या. निजामाशी संधान बांधणारे चुलतभाऊ, कोल्हापूरचे संभाजीराजे, यांना १७३१ मध्ये कऱ्हाडजवळ जखिणवाडीला भेटायला बोलावून शाहूंनी त्यांचे थाटात स्वागत केले. मग वारणेचा तह झाला. नदीच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडे गेला, उत्तरेचा साताऱ्याकडे राहिला. आजच्या सांगली जिल्ह्याची दक्षिण शीव वारणेच्या काठाने जाते, तिथेच दोन भावांमधली ही हद्द ठरली. आणि लढायची वेळ आली तेव्हा हेच शाहू जातीने मिरजेवर चालून गेले. १७३९ मध्ये किल्ला घेऊनच परतले.

पराभूताला कसे वागवावे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. साडेसतरा वर्षे ते स्वतः शत्रूच्या दयेवर जगले होते. मान मिळतो तेव्हाही कैद किती टोचते, याचा अनुभव गाठीशी असलेला राजा आपल्याच घरातल्या माणसांशी सूडाने वागला नाही. त्यामुळे फुटलेले घर निदान एका नदीच्या दोन्ही काठांवर शांत राहू शकले. याला दुबळेपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

शाहूंच्या सुटकेची किंमत मात्र दुसऱ्यांनी मोजली, हे विसरू नये. मुलगा सुटल्यावरही येसूबाई आणखी बारा वर्षे कैदेत राहिल्या. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून त्यांना घेऊन आले, तेव्हा रायगड सोडून तीस वर्षे झाली होती. त्यांची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुलीला आहे. साताऱ्याच्या त्याच गडावर, म्हणजे आजच्या अजिंक्यताऱ्यावर गेलात, तर परतताना कृष्णाकाठी तिथेही जाऊन या.