भूतकाळाचा धडा

परवा माझ्या नातीने दप्तरातून एक पुस्तक काढून विचारले, "आजोबा, हे तुम्ही वाचलंय?" पाहतो तो जॉर्ज ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर' ही कादंबरी! तिच्या इंग्रजीच्या बाईंनी ती वर्गात वाचायला घेतली आहे. पुस्तक हाती घेतले मात्र, आणि माझे मन लष्करातल्या आमच्या जुन्या वर्गात जाऊन बसले.

साल १९७६. आम्ही अकरावीत होतो. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली होती. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला होता. ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे तिहारच्या तुरुंगात डांबल्या गेल्या. याच गावी जन्मलेल्या वाजपेयींनाही अटक झाली. बाड्यावर भेटणारी माणसे हवापाण्यापलीकडे बोलेनाशी झाली. आमच्याच वर्गातल्या एका मुलाचे वडील 'मिसा'खाली आत होते. त्याला घरचे कुशल विचारण्याचेही आम्हांला धैर्य होत नसे.

अशा दिवसांत आमचे इंग्रजीचे सर दर शनिवारी शेवटच्या तासाला एक पुस्तक वाचून दाखवू लागले. ते अभ्यासक्रमात नव्हते आणि त्याला जुन्या वर्तमानपत्राचे कव्हर होते. "लेखक आपल्याकडचाच," सर म्हणाले. "१९०३ साली बिहारातल्या मोतीहारीला जन्मला. वडील सरकारच्या अफू खात्यात होते." त्याची जन्मतारीखही २५ जूनच, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

सरांनी राजकारणाचा चकार शब्द काढला नाही. त्यांनी आम्हांला व्याकरण शिकवले! कादंबरीतले सरकार भाषाच आखडून टाकते. 'वाईट' हा शब्द कशाला हवा? 'न-चांगले' म्हटले की भागले. 'मुक्त' हा शब्द उरतो तो शेत तणमुक्त झाले, एवढे सांगण्यापुरता. मनुष्य मुक्त असतो, हे म्हणायला शब्दच नाही. आणि शब्द नाही म्हणून पुढे विचारही नाही. आम्ही पोरे हसलो, आणि मग एकाएकी गप्प झालो.

गोष्टीचा शेवट भयंकर आहे. नायक हरतो, इतका की छळणाऱ्यावरच त्याचे प्रेम बसते. त्या शनिवारी वर्ग सुन्न बसला होता. सरांनी मात्र पुस्तक मिटले नाही. गोष्ट संपल्यावर नव्या भाषेविषयी एक परिशिष्ट आहे. त्यातली पाचसहा वाक्ये त्यांनी फळ्यावर लिहिली आणि विचारले, "काळ ओळखा."

ज्याचे वडील तुरुंगात होते, तो मुलगा उठून म्हणाला, "भूतकाळ, सर."

"बरोबर. आणि भाषा?"

"साधी... पूर्वीचीच इंग्रजी."

"मग हे लिहिणारा केव्हा लिहितो आहे?"

कोणी बोलले नाही. सरांनीही उत्तर दिले नाही. फळा पुसला आणि घंटा झाली.

ती नवी भाषा २०५० सालापर्यंत सर्वत्र रूढ व्हायची होती. तिच्याविषयी कोणी जुन्याच भाषेत 'ती अशी होती' असे लिहितो, याचा अर्थ ते राज्य केव्हातरी संपले असले पाहिजे! सगळी कादंबरीच भूतकाळात सांगितलेली आहे, तेव्हा हा निव्वळ लेखनाचा रिवाज, असेही कोणी म्हणेल. असेल. परंतु त्या मुलाला त्या दिवशी तेवढा आधार पुरला. घरी जाताना वाटेत तो, कित्येक महिन्यांत प्रथमच, आपल्या वडिलांविषयी माझ्याशी बोलला.

२१ मार्च १९७७ रोजी आणीबाणी उठली. वडील घरी आले. सरांनी त्या तासाचा पुन्हा कधी उल्लेख केला नाही.

"शेवट फारच वाईट आहे म्हणे," नात म्हणाली. मी तिला परिशिष्टाचे पान उघडून दिले आणि म्हटले, "हे वाच, आणि काळ ओळख."