या मुलांना शिकवणारी बाई आपल्या घरातून का नको?

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. आज एखादी आई मुलाचा हात धरून शाळेच्या दारात जाते आणि "हा वर्गात बसत नाही, घरीच ठेवा," हे ऐकून परत फिरते.

असे मूल आपल्याही वस्तीत असते. हाक मारली तरी ते वळत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, तासन् तास चपला ओळीने मांडत बसते. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत सारी पोरे नाचतात, तेव्हा हे कान दाबून रडते. शेजारी म्हणतात, बाहेरची बाधा आहे. सासू म्हणते, आईने लाडावून ठेवले. भगिनींनो, दोन्ही खोटे आहे. ही स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम. मेंदूची वाढच वेगळ्या रीतीने झाल्याने ती येते. गंड्यादोऱ्याने ती जात नाही आणि ती घालवणारे औषधही नाही. पण शिकवले तर हे मूल शिकते. लवकर शिकवले तर अधिक शिकते.

मात्र ते शिकवणे नुसत्या मायेचे काम नव्हे, ती विद्या आहे. हात धुणे आपल्याला एक काम वाटते. या मुलासाठी त्याच्या सात-आठ पायऱ्या करून एकेक शिकवावी लागते. दिवसभरात काय काय होणार, हे चित्रांनी भिंतीवर लावावे लागते. मूल ओरडते तेव्हा त्याला आवाज सोसत नाही की मागणे सांगता येत नाही, हे ओळखावे लागते. प्रत्येक मुलासाठी वेगळा आराखडा लिहावा लागतो.

ही विद्या देणारे अभ्यासक्रम आहेत: बारावीनंतर विशेष शिक्षणाची पदविका, पदवीनंतर विशेष शिक्षणाचे बी.एड. पुस्तकांबरोबर शाळेत प्रत्यक्ष मुलांसमोर सराव असतो. प्रवेशापूर्वी एक गोष्ट तपासाच. त्या अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का? १९९२ च्या कायद्यानुसार परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. मान्यता नसेल तर फी आणि वर्षे, दोन्ही वाया. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांनी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरण्यास चुकू नये.

कायदाही आता बाजूने आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नावच नव्हते. २०१६ च्या कायद्यात ते आले. या कायद्याने अपंगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. विशेष शिक्षकांची पदे निर्माण करा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये राज्यांना बजावले. स्वमग्न मुलांसाठी पाच मुलांमागे एक शिक्षक, असे प्रमाण न्यायालयापुढे आले. एवढे शिक्षक येणार कोठून?

आपल्या घरातून का नाही? बारावी झालेली मुलगी घरी बसली असेल, तर लग्नाची घाई करण्याआधी तिला शेंडा पार्कच्या 'चेतना'सारख्या विशेष शाळेत परवानगी काढून एक दिवस नेऊन आणा. तिचे मन तिथे रमले, तर फॉर्म आणा. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना वर्गाबाहेर बसून शिकावे लागले, त्यांच्या लेकीला दाराबाहेर ठेवलेल्या मुलाचे दुःख वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.